गेला नाही, गेली

प्रिय भोंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, तर पत्र लगेच उघडलं नसशील. दोन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरला असशील. शाळेचं प्रगतिपुस्तकसुद्धा तू असंच आठवडाभर दप्तरात फिरवायचास. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दोन मिनिटांत हसवशील आणि सांगायचं ते राहून जाईल. लहानपणी मी तावातावानं भांडायला तुमच्या दारात यायचे, हसत परत जायचे, आणि आमच्या दारात पोचल्यावर आठवायचं की भांडण तर तसंच राहिलं. आपली दारं समोरासमोर, म्हणजे आठवायला चारच पावलं लागायची.

आधी घरचं सांगते. बाबांना परवा एक्क्याऐंशी पूर्ण झाली. डावा गुडघा कुरकुरतो, पण ते कुरकुरत नाहीत. हॉस्पिटलच्या शिवणखोलीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घरातली एक चादर ते टाकू देत नाहीत. मधोमध विरली की उभी कापतात, कडा मध्ये आणून जोडतात आणि म्हणतात, अजून पाच वर्षं चालेल. मी अजून बसस्थानकावरच आहे. चौकशीची खिडकी आणि माइक दोन्ही माझ्याकडे. नव्या साहेबांनी मध्यंतरी घोषणा रेकॉर्ड करून घेतल्या, त्याही माझ्याच आवाजात. त्यामुळे मी खिडकीत डबा खात असताना वर कर्ण्यातून मीच बोलत असते. इतकं शुद्ध, इतकं स्वच्छ, की ही बाई कोण आणि हिला जन्मात कधी ठेच लागली आहे की नाही, असा प्रश्न मलाच पडतो.

आता तुझ्या एकपात्री कार्यक्रमाचं. त्या दिवशी मी येणार हे तुला कळवलं नव्हतं. तिकीट काढलं, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. ‘आमचे पलीकडचे शेजारी’ असं नाव वाचल्यावर ते शेजारी म्हणजे आम्हीच, हे कळायला वेळ लागला नाही. खरं सांगते, पहिली चाळीस मिनिटं मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. डोंगरापलीकडची माणसं निरोप घ्यायला तासभर लावतात, दारात एकदा, जिन्यात एकदा, फाटकापाशी एकदा, आणि मग पिशवी विसरली म्हणून पुन्हा वर. भर उन्हाळ्यात पाहुण्याच्या अंगावर जाड घोंगडी टाकतात आणि तो घामाघूम झाला की ताप आला म्हणून आणखी एक टाकतात. खांबाला धडकले तर खांबाला माफ करा म्हणतात. सगळं आमच्याच घरातलं. मी त्या बाईंना सांगत होते, असंच असतं हो, अगदी असंच. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांच्यातल्या? अजिबात वाटत नाही.’ कौतुकानं म्हणाल्या. तू स्टेजवरून म्हटलेल्या कशानंही लागलं नव्हतं, तेवढं या कौतुकानं लागलं, आणि तरी मी थँक्यू म्हणाले.

मग तू चौकशीच्या खिडकीचा प्रवेश सुरू केलास. पलीकडचा म्हातारा धावत येतो, बस चुकली आहे. तू गळ्यातला मफलर दोन्ही हातांनी पिळायला लागलास. बोलण्याआधी ओठ दोनदा उघडून मिटलेस. आणि म्हणालास, ‘साहेब... बस... गेला का?’ सगळं सभागृह खुर्च्यांवर उड्या मारत होतं. तू ते पुन्हा म्हणालास, तिसऱ्यांदा म्हणालास, दर वेळी मफलरला आणखी एक पीळ. मी उठले आणि बाहेर गेले.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणीतरी माझं उठून जाणं फोनवर टिपलं. पलीकडच्या लेकीचा अपमान, असं त्याखाली लिहून गावभर फिरवलं. आमच्या लोकांच्या मंडळानं ते उचललं, तुझे तीन कार्यक्रम रद्द झाले, भिंतीवरच्या तुझ्या तोंडाला काळं फासलं गेलं. तू मुलाखतीत म्हणालास की हल्ली लोक तिकिटाबरोबर दुखावल्याची पावतीही मागतात. वाक्य चांगलं होतं. वाचून मी हसले, मग रागावले, मग चूप बसले. मंडळाचे लोक आले की मी म्हणायचे, मला काही बोलायचं नाही. ते त्याचा अर्थ लावायचे की बिचारीच्या मनाला फारच लागलं आहे. माझं हे गप्प बसणं तुला महाग पडलं. त्याबद्दल माझं चुकलंच.

पण भोंग्या, तुझंही सगळं बरोबर आहे असं नाही. परवाची गोष्ट ऐक. खिडकीशी एक आजी आल्या, पलीकडच्या, हातात गाठोडं. साडेअकराच्या गाडीबद्दल विचारत होत्या, आणि आमच्या बोलीत तो, ती, ते असलं काही नसतंच, एकाच शब्दात सगळं जग बसतं, त्यामुळे त्यांचीही गाडी ‘गेला का?’ झाली. मागच्या रांगेतून एक जण तुझ्या आवाजात ओरडला, ‘गेला, गेला, साहेब!’ आख्खी रांग हसली. आमचा कंडक्टर हसला. आणि आजीसुद्धा हसल्या. सगळे हसत आहेत म्हणजे काहीतरी गमतीचं असणार, असं समजून हसल्या. मी त्यांना फलाट सांगितला. माझ्या सगळ्यात शुद्ध आवाजात सांगितला आणि खिडकी पाच मिनिटं बंद ठेवली. तू म्हणशील, त्या माणसाचं पाप माझ्या माथी का? कदाचित नसेलही. पण वाक्य तू स्टेजवर सोडलंस, ते माझ्या खिडकीपर्यंत चालत आलं. एवढं तुला कळायला हवं.

आता मी का उठले ते. मंडळाला वाटतं तसं नाही, आणि तुला वाटतं तसंही नाही.

मी पाचवीत असताना वर्गात ‘माझा वही’ म्हणाले होते आणि सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून दोन वर्षं तू मला जिन्यात बसवून शिकवलंस. एकेका वस्तूकडे बोट दाखवायचास. जिना तो, पायरी ती, दार ते. मी विचारायचे, नियम काय? तू म्हणायचास, नियमबियम नाही, कानाला विचार. आणि कान तयार झाल्यावर मी तुलाच दुरुस्त करायला लागले, म्हणून तू मला मास्तरीण म्हणायला लागलास. घरी तर मी कहर केला. बाबा म्हणायचे, चहा आली. मी म्हणायचे, आला. बाबा म्हणायचे, दूध सांडला. मी म्हणायचे, सांडलं. आई गालात हसायची. ती तुमची भाषा फारशी बोलायचीच नाही, त्यामुळे माझ्या तावडीतून सुटली होती. बाबा मात्र दर वेळी मान डोलवायचे आणि बरोबर शब्द पुन्हा म्हणायचे, आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे.

आई हॉस्पिटलमध्ये होती ते नऊ दिवस तुला आठवतात का? बाबा खाली शिवणखोलीत काम करायचे आणि तासातासानं वर यायचे. नवव्या दिवशी दुपारी आपण दोघं कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो होतो. तुझ्या आईनं दिलेला डबा तुझ्या मांडीवर होता. कुणीतरी निरोप दिला म्हणून बाबा धावत वर आले. गळ्यात मोजायची टेप, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. डॉक्टर खोलीतून बाहेर आले. बाबांनी टेप दोन्ही हातांनी पिळायला सुरुवात केली. ओठ दोनदा उघडले आणि मिटले. मग म्हणाले, ‘साहेब... ती... गेला का?’

डॉक्टरांनी अजून काही सांगितलं नव्हतं. आणि मी, बारा वर्षांची मास्तरीण, बाकावरून म्हणाले, ‘गेला नाही बाबा, गेली.’

सवयीनं म्हणाले रे. चहा आला, दूध सांडलं, तसंच. मला आई गेली हे माहीत नव्हतं, मी फक्त चूक सुधारत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी मान खाली घातली. आई गेल्याची बातमी माझ्या बाबांना माझ्या तोंडून कळली, आणि ती व्याकरणाची दुरुस्ती म्हणून कळली. त्यांनी मान डोलवली, आणि तो शब्द पुन्हा म्हणाले, बरोबर. ‘गेली.’

तेहतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. स्टेजवर तुझ्या मफलरला पहिला पीळ पडला आणि मला पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं. तू ते मुद्दाम घेतलंस असं मी म्हणत नाही. तुला आठवतही नसेल. तुझ्या कानात काहीही पडलं की कायमचं राहतं, कुठून आलं ते राहत नाही. पण पाचशे माणसं हसत होती आणि मला भीती वाटली की आता मीच खुर्चीवरून ओरडेन, गेली, गेली म्हण! म्हणून उठले. तुझा राग नव्हता, माझीच लाज होती.

नाही, थोडा तुझाही राग होता, आणि जुना होता. तोही सांगून टाकते. त्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी तू आम्हाला घेऊन आलास. बाबांचा हात धरून तू पुढे, मी मागे. आणि रस्ताभर तू बाबांशी त्यांच्यासारखं बोलत होतास. ‘बाबा, रस्ता आली. बाबा, पायरी आला, जपून.’ आईला जाऊन तास झाला नव्हता आणि तू नक्कल करत होतास. मी तुझ्या पाठीकडे बघत मनात म्हटलं, याच्याशी पुन्हा बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी बोललेच, बाराव्या वर्षी तुझ्याशिवाय मला दुसरं होतं तरी कोण? पण आत कुठेतरी तो काटा तसाच राहिला. तुला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, पण उभं राहून वाजवल्या नाहीत.

गेल्या बुधवारी मंडळाचे चिटणीस घरी आले. चांगले गृहस्थ आहेत, तळमळीचे. त्यांनी टाइप केलेली तक्रार आणली होती, बाबांची आणि माझी सही हवी होती. तक्रारीत चार मुद्दे होते: घोंगडी, तासभर निरोप, पाहुण्याचा ताप आणि खांब. आपले लोक खांबाची माफी मागतात हे धादांत असत्य असून समाजाची बदनामी करणारं आहे, असं शेवटी लिहिलं होतं. खिडकीचा प्रवेश त्यात नव्हताच. तो त्यांना निरुपद्रवी वाटला होता. बाबा म्हणाले, आधी बघू तर द्या. चिटणीसांनी फोन पुढे धरला. बाबा बघायला लागले आणि घोंगडीच्या जागी असे हसले की त्यांचा चष्मा घसरला. चिटणीसांची फार पंचाईत झाली. ‘काका, हा आपला अपमान आहे.’ बाबा डोळे पुसत म्हणाले, ‘हो, हो. पण दुसरी घोंगडी टाकतो ना, ते पुन्हा लावा.’

मग खिडकी आली. मी स्वयंपाकघरात पळाले, पण आवाज तिथेही येत होता. बाबांचं हसणं थांबलं. चिटणीसांना वाटलं, आता सही मिळाली. बाबा म्हणाले, ‘हा मी आहे.’ चिटणीस म्हणाले, ‘बघा, तुम्हालाही लागलं.’ बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, ‘लागला नाही. आठवला.’ सही न घेताच चिटणीस गेले. जाताना त्यांचा पाय खुर्चीला लागला आणि ते खुर्चीला माफ करा म्हणाले. मी शपथेवर सांगते.

ते गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. तुझ्या लक्षात आलं होतं का, की आई गेल्यापासून बाबा तुमच्या भाषेत तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत? अगदीच बोलायची वेळ आली तर ‘घरातलं माणूस’ म्हणायचे. घरातलं माणूस असतं तर. घरातल्या माणसाला आवडलं असतं. मला ते गोड वाटायचं, जुन्या पद्धतीचं वाटायचं. बुधवारी त्यांनी सांगितलं की माणूस म्हटलं की गेला काय, गेलं काय, चुकत नाही, म्हणून. तिच्याबाबतीत त्यांना पुन्हा चुकायचं नव्हतं. आणि घरात आमची स्वतःची बोली बोलायचं मी तोवर सोडून दिलं होतं, मग ते बोलणार तरी कोणाशी?

मी रडले, माफी मागितली. ते म्हणाले, बारा वर्षांचा पोरगी, तुला काय कळणार होता. आणि मग तासभर बोलत राहिले. आई लग्नानंतर डोंगर ओलांडून ट्रकमधून कशी आली, शिलाई मशीन मांडीवर घेऊन कसा बसला होता, वळणावळणावर त्यांच्यावर कसा रागावला होता, आणि इथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी तुझ्या आईशी खाणाखुणांनी भांडून दोघी मैत्रीण कसा झाले. माझ्या आईबद्दल मला एवढं कधीच माहीत नव्हतं. एकही क्रियापद धड नव्हतं. तेव्हापासून ते रोज बोलतात. तुझ्या त्या प्रवेशानं हे झालं, म्हणजे त्या आजींना हसलेली रांग माफ झाली, असं नाही. आजी आजीच्या जागी, बाबा बाबांच्या जागी. मला या दोन्हींची बेरीज करता येत नाही, आणि तुलाही करायला सांगत नाही.

आता पत्र का लिहिलं ते. चिटणीस म्हणत होते की येत्या रविवारी सभेत तू माफीपत्र वाचणार आहेस आणि मी पहिल्या रांगेत बसायचं आहे. मी बसणार नाही, आणि माझं नाव घेऊन तू माफी मागू नकोस. घोंगडीसाठी तर मुळीच नको. मी का उठले ते सभेला सांगायचं नाही, ते आपल्या तिघांचं आहे. खिडकीचा प्रवेश ठेवायचा की काढायचा, ते तू ठरव. फक्त आता तुला तो कुणाचा आहे हे ठाऊक असेल. पण हे सगळं मी लिहिलं नसतं, कदाचित मनातच ठेवलं असतं. लिहिलं, कारण काल बाबांनी लिहायला सांगितलं. मी त्यांना तुझी ती रस्त्यातली नक्कल सांगितली, की बघा, त्या दिवशीही त्यानं तुम्हाला सोडलं नाही. ते माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिले. मग जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, एकही शब्द दुरुस्त न करता: ‘त्या दिवशी नीट बोलायची ताकद नव्हता माझ्यात. दुसरा कोणी असता तर माझी तोंड उघडला नसता. तो पोरगा चुकत होती, मुद्दाम चुकत होती, म्हणून मीपण बोलला. चुकत चुकत घर आला. त्याला कधी सांगितला नाही मी. तू लिही.’

शनिवारी दुपारी जेवायला ये. बाबांनी एक पान जास्त मांडायला आजपासूनच सुरुवात केली आहे.

तुझीच,
मास्तरीण